लिनक्सवरील ड्रायव्हरांचा प्रश्न : नवागताच्या अडचणींची ऐतिहासिक मीमांसा

मुक्तस्रोत संगणक-प्रणालींविषयी एक मत सर्वत्र रूढ झालेले आहे. या प्रणाली जाणकारांसाठी आहेत, नवशिक्याचा तेथे निभाव लागत नाही, असे ते मत होय. त्याच्या पुष्ट्यर्थ नवागतांचे अनुभव सांगितले जातात. प्रणाली संगणकावर चढविली, पण आवाज येत नाही. पडदा अंधारा राहतो. प्रिंटर प्रतिसाद देत नाही. वायफाय सापडत नाही. हे अनुभव खरे आहेत. त्यांवरून नवागताच्या अज्ञानाविषयी किंवा प्रणालीकारांच्या अकुशलतेविषयी जे अनुमान काढले जाते, ते मात्र इतिहासाच्या कसोटीवर उतरत नाही. लिनक्स प्रणालीच्या तीस वर्षांहून अधिक काळाच्या वाटचालीचा या दृष्टीने विचार केला असता अडचणीचे मूळ निराळ्याच ठिकाणी असल्याचे दिसून येते.

त्यासाठी प्रथम ड्रायव्हर म्हणजे काय, हे स्पष्ट होणे अवश्य आहे. प्रत्येक उपकरण आपल्या ठराविक संकेतांनाच प्रतिसाद देते. कोणत्या जागी कोणता अंक लिहिला असता ते काय करील, मध्ये किती काळ थांबावे लागेल, चूक झाल्यास ते कोणती खूण देईल, हे सर्व त्याच्या निर्मात्याने ठरविलेले असते. प्रणालीच्या सर्वसाधारण आज्ञेचे या विशिष्ट संकेतांत रूपांतर करणारी आज्ञावली म्हणजे ड्रायव्हर. त्याचे काम दुभाष्याचे आहे, आणि दुभाष्याला दोन्ही भाषा अवगत असाव्या लागतात. लिनक्सची भाषा सर्वांना खुली होती. उपकरणाची भाषा मात्र पुष्कळदा निर्मात्याखेरीज कोणालाच ठाऊक नसे. प्रस्तुत प्रश्न या विषमतेतून उद्भवला.

या विषमतेची जाणीव लिनक्सहूनही जुनी आहे. इ. स. १९८० च्या सुमारास अमेरिकेतील एम. आय. टी. या संस्थेच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत झेरॉक्स कंपनीचा एक लेझर प्रिंटर आला. त्यात कागद वारंवार अडके. प्रयोगशाळेतील रिचर्ड स्टॉलमन यांनी आधीच्या प्रिंटरच्या आज्ञावलीत, असा अडथळा आल्यास संबंधितांना सूचना मिळावी, अशी सोय केली होती. नव्या प्रिंटरबाबत तसे करता येईना, कारण त्याच्या आज्ञावलीची मूळ संहिता दिलेली नव्हती. कार्नेगी मेलन विद्यापीठातील ज्या संशोधकाजवळ ती होती, त्याने गुप्ततेचे वचन दिलेले असल्यामुळे ती देण्यास नकार दिला. स्टॉलमन यांनी इ. स. १९८३ मध्ये ग्नू प्रकल्पाची घोषणा केली, तिच्यामागील प्रेरणांत ते स्वतः या प्रसंगाची गणना करीत आले आहेत. मुक्त आज्ञावलीच्या चळवळीच्या आरंभी अशा रीतीने एका उपकरणाची अडचण उभी आहे, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे.

दि. २५ ऑगस्ट १९९१ रोजी हेलसिंकी विद्यापीठातील विद्यार्थी लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी आपल्या प्रणालीची पहिली वार्ता जाहीर केली. आपल्याजवळ आहे त्या प्रकाराखेरीज अन्य हार्ड डिस्क ती बहुधा कधीच चालवू शकणार नाही, असे त्यांनी तीत नमूद केले होते. प्रारंभीच्या ड्रायव्हरांची सर्व रीत या विधानात आली आहे. ज्याच्या टेबलावर जे उपकरण असेल, त्याचा ड्रायव्हर त्याने लिहावा, अशीच ती रीत होती. नासाच्या गोडार्ड केंद्राशी संबंधित असलेले डोनाल्ड बेकर यांनी इथरनेट कार्डांचे अनेक ड्रायव्हर लिहिले. इ. स. १९९४ मध्ये अनेक साधे संगणक जोडून बेओवुल्फ नावाचा जो समूह तेथे उभारण्यात आला, त्यात बेकर यांचा प्रमुख वाटा होता आणि त्या कामाला हे ड्रायव्हर आवश्यकच होते. ही रीत उपकरण बाळगणाऱ्या जाणकारास सोयीची होती. ज्याला ड्रायव्हर लिहिता येत नाही अशा मनुष्याला तीत स्थान नव्हते. त्याने दुसऱ्या कोणाच्या गरजेची वाट पाहावी, एवढेच त्याच्या हाती होते.

त्या काळी पडद्यावर चित्र उमटविणे हेही साहसाचे काम असे. एक्सफ्री८६ या आज्ञावलीसाठी वापरणाऱ्याला एका फाइलीत आपल्या मॉनिटरच्या आडव्या आणि उभ्या आवर्तनांच्या मर्यादा स्वतः लिहाव्या लागत. त्या वेळच्या काचनळीच्या मॉनिटरला त्याच्या शक्तीबाहेरचा संकेत पोहोचल्यास तो बिघडण्याचाही संभव असे, आणि तशी सूचना माहितीपत्रकांत दिलेली असे. नवागताला हे आकडे शोधण्यासाठी मॉनिटरची पुस्तिका धुंडाळावी लागे. पुढे मॉनिटर आपल्या मर्यादा ठरलेल्या प्रमाणित स्वरूपात स्वतःच कळवू लागले आणि ही अडचण लोपली. उपकरणाने आपली माहिती उघडपणे सांगितली की नवागताचे ओझे आपोआप उतरते, याचे हे निःसंदिग्ध उदाहरण होय.

याच्या उलट उदाहरण विनमोडेमचे आहे. इ. स. १९९० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात स्वस्त मोडेम बाजारात आले. संकेतांची घडण करण्याचे जे काम पूर्वी मोडेममधील चिप करीत असे, ते त्यांत काढून घेऊन विंडोज प्रणालीसाठी लिहिलेल्या ड्रायव्हरवर सोपविण्यात आले होते. त्यामुळे मोडेम स्वस्त झाला, पण विंडोजवाचून तो निर्जीव ठरला. लिनक्स चढविणाऱ्याला इंटरनेट मिळेना. आणि त्यावरील उपाय तर इंटरनेटवरच शोधावयाचा असे. ज्याच्याजवळ दुसरा संगणक नाही, त्याची वाट येथेच खुंटे.

येथे विंडोजशी होणाऱ्या तुलनेचा विचार करणे प्राप्त आहे. विंडोजवर सर्व उपकरणे विनासायास चालतात, असे नवागताला वाटते. वस्तुतः त्याने विंडोज बहुधा स्वतः चढविलेलीच नसते. संगणक विकत घेतला त्या वेळी निर्मात्याने प्रणालीही बसविलेली असते आणि तीत लागणारे ड्रायव्हरही. लिनक्सच्या नवागताला निर्मात्याचे हे काम एकट्याने करावे लागते. डेल कंपनीने इ. स. २००७ मध्ये काही संगणक उबुंटूसह विकावयास आरंभ केला, तेव्हा ते काम पुन्हा निर्मात्याकडे गेले. त्याआधी जर्मनीतील क्लाउस क्नॉपर यांनी इ. स. २००० मध्ये क्नॉपिक्स ही थेट सीडीवरून चालणारी आणि उपकरणे आपोआप ओळखणारी प्रणाली सिद्ध केली होती. संगणकावरील मजकुराला धक्का न लावता कोणते उपकरण चालते व कोणते चालत नाही, हे तिच्यामुळे आधीच पडताळता येऊ लागले. नवागताच्या दृष्टीने या सोयीचे मोल फार मोठे होते.

तथापि इ. स. २००० नंतरच्या दशकात वायफायचा प्रसार झाला आणि प्रश्न पुन्हा तीव्र झाला. ब्रॉडकॉम कंपनीच्या चिप अनेक लॅपटॉपमध्ये होत्या. त्यांचे तांत्रिक वर्णन उपलब्ध नव्हते. प्रथम एनडीआयएसरॅपर या युक्तीने विंडोजचाच ड्रायव्हर लिनक्समध्ये चालविण्यात आला. नंतर काही स्वयंसेवकांनी उपलब्ध ड्रायव्हरचे निरीक्षण करून चिपचे संकेत शोधून काढले. या कामाची पद्धत लक्षणीय आहे. एका गटाने निरीक्षण करून केवळ वर्णन लिहिले, आणि ज्यांनी मूळ ड्रायव्हर उलगडला नव्हता अशा दुसऱ्या गटाने त्या वर्णनावरून नवा ड्रायव्हर रचला. नकलेचा आरोप येऊ नये, हा त्यातील हेतू होता. व्याकरण उपलब्ध नसलेल्या भाषेचे व्याकरण क्षेत्रीय अभ्यासक भाषकांच्या उक्तींवरून बांधतो, त्याच जातीचे हे काम होते. इ. स. २००६ मध्ये हा ड्रायव्हर लिनक्सच्या गाभ्यात समाविष्ट झाला. ब्रॉडकॉमने स्वतःचा खुला ड्रायव्हर इ. स. २०१० मध्ये प्रसिद्ध केला. जी माहिती निर्मात्याच्या दप्तरी होती, ती पुन्हा शोधण्यात मधल्या काळात अनेकांचे श्रम खर्ची पडले.

परंतु सर्व दोष निर्मात्यांच्या माथी मारणे न्याय्य ठरणार नाही. लिनक्सच्या गाभ्याची अंतर्गत रचना स्थिर ठेवावयाची नाही, असे त्याच्या रचनाकारांचे धोरण आहे. गाभ्यातील ड्रायव्हर त्या त्या बदलाबरोबर सुधारले जातात. बाहेरचे बंदिस्त ड्रायव्हर मागे पडतात. या धोरणामुळे खुल्या ड्रायव्हरांचा मोठा संग्रह एकत्र वाढला, हे खरे. पण प्रणाली अद्ययावत केल्यावर ज्याचा पडदा अंधारा झाला, त्या नवागताला त्याची किंमत मोजावी लागली. डेबियन या वितरणाची कथाही अशीच आहे. अनेक उपकरणांत चालू होताना फर्मवेअर भरावे लागते, आणि त्याची मूळ संहिता बहुधा खुली नसते. मुक्ततेच्या तत्त्वास अनुसरून डेबियनने इ. स. २०११ मधील आपल्या ६.० या आवृत्तीत गाभ्यातून असे फर्मवेअर वगळले. परिणामी ज्याच्याजवळ केवळ वायफाय होते, त्याला वायफायचे फर्मवेअर आणण्यासाठीच वायफायची गरज पडली. ऑक्टोबर २०२२ मध्ये डेबियनच्या सदस्यांनी मतदान करून हे फर्मवेअर अधिकृत स्थापना-संचात घेण्याचे ठरविले, आणि जून २०२३ मधील १२ व्या आवृत्तीत ते अमलात आले. तत्त्वाला मुरड घालावी की नवागताला दारातून परतू द्यावे, असा हा पेच होता, आणि तो सोडविण्यास बारा वर्षे लागली.

ग्राफिक्स कार्डांचा इतिहास याच निष्कर्षाकडे नेतो. एएमडी कंपनीने इ. स. २००७ मध्ये आपल्या रेडिऑन कार्डांची तांत्रिक माहिती खुली करण्याचे जाहीर केले, आणि त्या कार्डांसाठी खुले ड्रायव्हर क्रमाने परिपक्व झाले. एनव्हिडियाच्या कार्डांसाठी स्वयंसेवकांनी नूव्हो हा ड्रायव्हर प्रामुख्याने निरीक्षणाच्या बळावर रचला, तो इ. स. २०१० मध्ये गाभ्यात आला, तरी गतीच्या बाबतीत कंपनीच्या बंदिस्त ड्रायव्हरची बरोबरी तो करू शकला नाही. मे २०२२ मध्ये एनव्हिडियाने आपल्या नव्या कार्डांसाठी गाभ्यात चालणारा भाग खुला केला. ड्रायव्हरचा उर्वरित मोठा भाग मात्र बंदिस्तच ठेवला.

सारांश, जेथे उपकरणाची माहिती खुली झाली तेथे नवागताची अडचण कालांतराने ओसरली. जेथे ती झाकली गेली तेथे ती अडचण टिकली, किंवा परक्यांच्या दीर्घ परिश्रमांनी अंशतः दूर झाली. अंधाऱ्या पडद्यासमोर बसलेला नवागत आपल्यालाच हे जमत नाही असे समजून प्रणाली काढून टाकतो, आणि त्याच्या या समजुतीची नोंद कोठेही होत नाही. त्याच्यापुढील अडचण त्याच्या बुद्धीची नव्हती. ज्या उपकरणाचे मूल्य त्याने पूर्ण चुकते केले होते, त्याच्याशी बोलण्याची भाषा त्याला विकण्यात आलेली नव्हती, आणि ती भाषा मिळविणाऱ्यांनीही पुष्कळदा त्याची सोय शेवटी पाहिली.