मोकाट घोडे आणि कॅमेरा : अमेरिकेतील खुल्या कुरणांवरील एका साक्षीचा इतिहास

अमेरिकेच्या पश्चिम भागातील खुल्या कुरणांत हिंडणारे 'मस्टँग' घोडे काटेकोर अर्थाने वन्य नव्हेत. सोळाव्या शतकात स्पॅनिशांनी आणलेल्या व पुढे वसाहतकऱ्यांकडून सुटलेल्या पाळीव घोड्यांचे ते वंशज होत. त्यांना संरक्षण देणाऱ्या कायद्यांचा इतिहास बहुधा शाळकरी मुलांनी काँग्रेसला धाडलेल्या पत्रांपासून सांगितला जातो. हे कथन हृद्य असले तरी अपुरे आहे. पत्रांच्या आधी छायाचित्रे होती, आणि ती कोठे उभे राहून घेतली गेली, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकाने विचारावयास हवा.

१९५० साली नेवाडात वेल्मा जॉन्स्टन यांना रस्त्यावर रक्त ठिबकत जाणारा एक ट्रक दिसला. आत कत्तलीसाठी नेले जाणारे घोडे होते. पुढच्याच वर्षी गस बंडी यांनी अशा एका धरपकडीची छायाचित्रे घेतली. विमान कळपाला डोंगरातून सपाटीवर हाकलीत असे, धावत्या ट्रकवरून फास टाकला जाई आणि दोराला बांधलेले जड टायर ओढता ओढता घोडा थकून जाई. (जॉन ह्यूस्टन यांच्या १९६१ च्या 'द मिसफिट्स' या चित्रपटात ही पद्धत दिसते.) जॉन्स्टन यांनी १९५९ मध्ये काँग्रेसच्या समितीपुढे साक्ष दिली, तेव्हा बंडींची छायाचित्रे पुरावा म्हणून मांडली गेली. त्याच वर्षी सार्वजनिक भूमीवर मोकाट घोडे धरण्यासाठी विमान व मोटारी वापरण्यास बंदी आली. बंदी साधनांवर होती. घोड्याला स्वतःचे असे संरक्षण मिळाले नाही. छायाचित्रांत तरी निराळे काय होते? त्यांत घोडा होता तो केवळ बळी म्हणून.

होप रायडन यांचे १९७० चे पुस्तक आणि १५ डिसेंबर १९७१ चा कायदा यांनी ही उणीव भरून काढली. मात्र १९७६ मध्ये शासकीय धरपकडीसाठी हेलिकॉप्टरला मुभा मिळाली, याची नोंद क्वचितच घेतली जाते.

माँटाना-वायोमिंग सीमेवरील प्रायर पर्वतात कॅमेऱ्याचे कार्य बदललेले दिसते. तेथे १९९५ मध्ये जन्मलेल्या 'क्लाउड' या फिकट रंगाच्या शिंगराचे चित्रण जिंजर कॅथ्रेन्स यांनी वर्षानुवर्षे केले. एक नर, काही घोड्या व त्यांची शिंगरे असा कुटुंबगट असतो. तरुण नर वेगळे टोळके करून राहतात. रंग, कपाळावरचा टिळा, पायांचे पांढरेपण यांवरून निरीक्षक प्रत्येकाला ओळखतात. येथे छायाचित्र आरोपपत्र राहत नाही, ते जन्ममृत्यूची नोंदवही होते. गर्भनिरोधक लस कोणत्या घोडीला टोचावयाची, हेही अशाच नोंदीवरून ठरते. घोड्याला व्यक्तित्व देणारी वही त्याच्या वंशवाढीवर नियंत्रणही ठेवते, हा विरोधाभास प्रस्तुत लेखकास अस्वस्थ करतो.

२०१० मध्ये नेवाडातील सिल्व्हर किंग भागातील धरपकडीच्या वेळी एका वृत्तछायाचित्रकार महिलेला दूर ठेवण्यात आले. तिने न्यायालयात दाद मागितली. या निर्बंधांची घटनात्मक कसोटी नीट लावली गेली नाही, असे सांगून अपील न्यायालयाने २०१२ मध्ये प्रकरण फेरविचारार्थ परत पाठवले. बंडींनी १९५१ मध्ये जवळून चित्रे घेतली होती. साठ वर्षांनंतर वाद त्या अंतराचाच होता.