पत्र्याचं स्टेशन आणि कंदीलवाला

आमच्या फुलंब्रीला रेल्वे नाही. गाडी बघायची तर पंचवीस-तीस किलोमीटरवरचं औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) गाठायचं. त्यामुळेच असेल कदाचित, मला इंजिनापेक्षा स्टेशनचं अप्रूप जास्त. खेळण्यातल्या गाड्यांचा इतिहास वाचायला घेतला तेव्हाही इंजिनांची पानं भराभर उलटली आणि अडकलो ते स्टेशनच्या सामानात... सिग्नल, दिवे, बाकं, ट्रंका, हमाल.

या सामानाचं मूळ चक्क भातुकलीत आहे! जर्मनीत ग्योपिंगेनला १८५९ साली सुरू झालेली मेर्क्लिन कंपनी आधी बाहुल्यांच्या स्वयंपाकघराचं पत्र्याचं सामान करायची. भातुकलीचं गणित आपल्याला माहीतच आहे. चूल आली की पोळपाट हवा, मग बंब, मग जातं. संपतच नाही. तीच युक्ती त्यांनी गाडीला लावली. १८९१च्या लाइपझिगच्या व्यापारी जत्रेत त्यांनी किल्लीची गाडी मांडली. तिचे रूळ ठरलेल्या मापाचे, हवे तेवढे वाढवता येणारे. म्हणजे यंदा गाडी, पुढच्या नाताळात स्टेशन. धंदा म्हणून बेरकीपणाच, पण पोरांचं मनही त्यांनी ओळखलं होतं. गोल गोल फिरणारी गाडी किती वेळ बघणार? तिला थांबायला जागा हवी, उतरायला माणूस हवा.

सुरुवातीची स्टेशनं हातानं रंगवलेली, डाख लावून जोडलेली. काहींच्या आत मेणबत्ती लावायची सोय होती, खिडक्या उजळाव्यात म्हणून. (आयांच्या जिवाला घोरच!) पुढे न्यूरेंबर्गच्या बिंगसारख्या कारखान्यांनी विटा, दारं, खिडक्या पत्र्यावर छापूनच घेतल्या आणि स्टेशन स्वस्त झालं. मापाची तशी कुणाला पर्वा नव्हती. आपल्या दिवाळीच्या किल्ल्यावर मावळा दरवाज्यापेक्षा उंच असतो आणि कुणाचं काही बिघडत नाही, तसंच.

इंग्लंडमध्ये फ्रँक हॉर्नबीनं १९२० साली गाड्या काढल्या. त्याच्या पत्र्याच्या स्टेशनांवर विंडसर, मार्गेट अशी खरी नावं असत. सोबत ट्रंका, दुधाचे कॅन आणि ते वाहायची ढकलगाडी. १९३१मध्ये स्टेशनवरची माणसं आली. १९३३मध्ये स्टेशनबाहेर उभ्या करायला छोट्या मोटारी आल्या आणि १९३४मध्ये त्यांचं नाव पडलं डिंकी टॉइज. स्टेशनच्या सामानातली ही वस्तू पुढे गाड्यांपेक्षाही नावाजली.

पण मी खरा थांबलो तो लायोनेलच्या कंदीलवाल्यापाशी. या अमेरिकन कंपनीनं १९३५ साली फाटकावरची एक खोली विकायला काढली. गाडी जवळ आली की खोलीचं दार उघडतं, कंदील घेतलेला गेटमन बाहेर येतो आणि गाडी गेली की परत आत जातो. बास, एवढंच. लोकांनी हे खेळणं वर्षानुवर्षं घेतलं. माझे आजोबा, आईचे वडील, मीटरगेजच्या फाटकावर गेटमन होते. रात्री-अपरात्री कंदील घेऊन बाहेर यायचं, गाडी गेली की आत जायचं. आमच्या घरात या कामाचं कौतुक कुणी केल्याचं मला आठवत नाही. आणि तिकडे पोरं त्याच माणसाला बघायला गाडी पुन्हा पुन्हा सोडत होती.

१९४२मध्ये महायुद्धापायी इंग्लंड-अमेरिकेत ही खेळणी बंद पडली. युद्धानंतर जर्मनीत फालर बंधूंनी (१९४६) घरं-स्टेशनं काढली, आधी लाकूड-पुठ्ठ्याची, मग प्लॅस्टिकची, आपण चिकटवून जोडायची. प्रायझर (१९४९) माणसं करू लागले. एचओ मापात, म्हणजे खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या भागात, माणूस जेमतेम २ सेंटीमीटरचा. सगळं कसं हुबेहूब! पण पोरांच्या हातात देण्यासारखं राहिलं नाही. मला आपलं ते वाकडं-तिकडं पत्र्याचंच आवडतं.

आपल्याकडे हे बघायचं तर पुण्यात कोथरूडला जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय आहे. भाऊसाहेब जोशींच्या छंदातून १९९८ साली ते उभं राहिलं. सिग्नल, दिव्याचे खांब, पूल, सर्कस... बघत राहावं. त्यात फ्युनिक्युलरसुद्धा आहे. 

आमचं स्टेशन मात्र मला कुठल्याच डब्यात मिळालं नाही. औरंगाबादला १९०० साली निजामाची मीटरगेज आली, १९९२मध्ये मनमाडकडून ब्रॉडगेज झाली. मीटरगेजसाठी एचओ मापात १२ मिलिमीटरचे रूळ मिळतात, युरोपातल्या डोंगरी गाड्यांचे. रूळ आहेत, पण पाण्याचा माठ नाही, पितळी बिल्ल्याचा हमाल नाही, टांगलेला रुळाचा तुकडा नाही, ज्यावर टोले पडायचे.

म्हणून सध्या पुठ्ठा आणि खोबरेल तेलाच्या डब्याचा पत्रा घेऊन बसलोय. फाटकाची खोली झाली. अर्ध्या मीटरचा रुळाचा तुकडा या मापात सहा मिलिमीटरसुद्धा भरत नाही, तांदळाच्या दाण्याएवढा. तो चिमट्यात धरताना हात थरथरतो. खोलीच्या दाराचा रंग मामा म्हणतो हिरवा, मावशी म्हणते तांबडा. दोघांनी आधी आपसात ठरवा आणि मला कळवा, तोवर दार तसंच ठेवतो.