‘मातृभाषा’च्या रकान्यात काय लिहायचं?

मालेगावचा भुईकोट किल्ला इंग्रजांच्या ताब्यात गेला तो १३ जून १८१८ रोजी. नारोशंकर राजेबहाद्दरांनी १७४०च्या सुमारास मोसम नदीच्या काठावर बांधायला घेतलेला हा किल्ला शेवटच्या इंग्रज-मराठा युद्धात अरब शिपाई लढवत होते. जवळजवळ महिनाभर वेढा चालला. इंग्रजांचा एक हल्ला साफ फसला. पुढे किल्ल्यातलं दारूगोळ्याचं कोठार उडालं आणि अरब बोलणीला तयार झाले, पण त्यांना लेखी वचन हवं होतं. वचन देणारा इंग्रज, घेणारे अरब, आणि मधला कागद मुनशीने लिहिला तो मराठीत. लिहिताना शब्द जरा सैल पडले. साहेबाच्या मनात ‘तुम्हाला नीट वागवू’ एवढंच होतं. कागदावर उतरलं ते असं, की थकलेल्या पगाराबद्दल सरकार लिहील, जखमींची काळजी घेईल आणि शिपायांना जायचं तिथे आपल्या खर्चाने पोचवील. प्रकरण एल्फिन्स्टनपर्यंत गेलं. त्याचा निर्णय असा, की कागदाचा जो अर्थ अरबांना समजला, त्याचा फायदा त्यांना मिळाला पाहिजे.

आता त्या किल्ल्यात शाळा भरते. मालेगाव म्हटलं की बाहेरच्यांना दंगली आणि बॉम्बस्फोट आठवतात. मला हा कागद आठवतो. घरी एक भाषा, बाजारात दुसरी आणि सरकारी कागदावर तिसरीच, ही इथली वाटणी दोनशे वर्षांत भाषा बदलल्या तरी मोडली नाही. आणि यातलं पोरांच्या हाती काय द्यायचं, हे दर पिढीला नव्याने ठरवावं लागलं.

आमचं गाव तालुक्यातलं, गिरणेच्या काठचं, घरची बोली अहिराणी. आता मालेगाव नाशिक जिल्ह्यात आहे म्हणून पुण्या-मुंबईच्या मित्रांना आम्ही ‘नाशिककडचे’ वाटतो. पण १८६९मध्ये नाशिक जिल्हा झाला तेव्हा मालेगाव आणि बागलाण खानदेशातून काढून त्याला जोडले. जिल्हा बदलला, जीभ नाही. मोसम गिरणेला मिळते, गिरणा तापीला, आणि आमची बोलीही पाण्याच्याच दिशेने जाते. ‘माझा’ला आम्ही ‘मना’ म्हणतो, ‘तुझा’ला ‘तुना’, ‘आहे’ला ‘शे’. ‘शे’च्या शेजारी गुजरातीतलं ‘छे’ ठेवून बघा. ‘ळ’ आमच्या तोंडात टिकतच नाही, शाळेची ‘शाया’ होते आणि केळीची ‘केयी’. सुरतेहून बुऱ्हाणपूरकडे आणि खाली दख्खनकडे जाणारे व्यापाराचे रस्ते शेकडो वर्षं याच मुलखातून गेले. अशा वाटेवरच्या माणसाची बोली कुठल्याच एका राजधानीची होत नाही. ग्रियर्सनच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाने १९०७ साली खानदेशी बोली मराठीच्या खंडात घेतली नाही, भिल्ल भाषांच्या खंडात घेतली. त्यावर विद्वानांचा वाद अजून चालतो. माझ्या आजीला तो कुणी सांगितला असता, तर तिने आधी विचारलं असतं, की ग्रियर्सन कुणाचा कोण.

बोली मातीतून येते असं लोक सहज म्हणतात. आमच्याकडे ती पाटाच्या पाण्यातून आली, हे मी जरा तपशिलात सांगते. मोसम, आरम, पांझरा या नद्यांवर इंग्रजांच्या आधीपासून ‘फड’ पद्धत होती. नदीत बुटका बंधारा घालायचा, तिथून पाट काढायचा आणि त्या पाण्याखालच्या सगळ्या जमिनीचे फड पाडायचे. एका फडात अनेकांची शेतं, पण पीक सगळ्यांनी मिळून ठरवायचं. या वर्षी या फडात ऊस, त्या फडात गहू. पाणी सोडायला पाटकरी, राखणीला जागल्या. पाळी कुणाची, पाणी चोरलं कुणी, पाटातला गाळ कधी काढायचा, हे सगळं रोजच्या रोज बोलून मिटवावं लागे. रात्री दोन वाजता बांधावर उभं राहून शेजाऱ्याशी भांडायचं तर ते पुस्तकी मराठीत होत नाही. आजोबांच्या तोंडी या कामाचे शब्द डझनांनी होते. नंतर विहिरी खोदल्या, विजेचे पंप आले आणि ज्याचं पाणी त्याच्या वावरात आलं. फड काही ठिकाणी अजून चालतात, पण आमच्याकडे ते बोलणंच संपलं. शब्द कुणी पुसले नाहीत. त्यांना काम उरलं नाही.

त्याच मोसमच्या पलीकडच्या काठावर दुसरीच भाषा वाढत होती. १८५७च्या धामधुमीनंतर आणि पुढच्या दुष्काळांत बनारस, अलाहाबाद, आझमगड, मऊ या भागातले मोमीन विणकर पोटासाठी दक्षिणेला निघाले. आग्र्याहून मुंबईला जाणारा रस्ता मालेगावातूनच जातो, म्हणून बरेचजण इथेच थांबले. त्यांच्या तोंडात पूरबी होती आणि हातात माग. पण मागावर विणायचं काय? तर आमच्या आज्या-पणज्यांची सुती रंगीत लुगडी. यातली गंमत मला फार उशिरा लक्षात आली. ज्या घरात मराठी बोलली जात नव्हती, तिथे मराठी बाईचा पदर किती लांब, काठ कसा हवा, नऊवाराला ताणा किती लागतो, हे नेमकं ठाऊक होतं. गिऱ्हाइकाची भाषा आधी हातांना आली, तोंडात मागाहून.

१९३०च्या दशकात वीज आली, मागोमाग यंत्रमाग आले आणि हळूहळू लुगडी मागे पडली. यंत्रमागाच्या कारखान्यात तुम्ही कधी गेला नसाल, तर कल्पना करणं कठीण आहे. लाकडी धोटा मिनिटाला शंभराहून जास्त वेळा इकडून तिकडे आपटतो, आणि असे दहा-वीस माग एका पत्र्याखाली. बारा तासांची पाळी. तिथे लांब वाक्य कुणी बोलत नाही. हाताने खूण करायची, नाहीतर दोन शब्द ओरडायचे. मालेगावच्या माणसाचं बोलणं मोठ्या आवाजाचं आणि तोडून टाकल्यासारखं असतं, अशी बाहेर थट्टा होते. मला त्यात खडखडाट ऐकू येतो. सुट्टी शुक्रवारी. त्या दिवशी माग बंद, आणि नव्या सिनेमाच्या पहिल्या खेळाला रांग.

म्हणजे नदीच्या एका काठावर अहिराणी, दुसऱ्यावर पूरबी. दोन्ही घरातल्या, कामातल्या, भांडणातल्या बोली. पुढे दोघींचं जे झालं ते जवळजवळ सारखं आहे, आणि दोन्ही काठांना त्याचा पत्ता नाही.

नदीपलीकडे माझी एक मैत्रीण राहते. तिच्या दादीचं घराणं अलाहाबादकडचं. दादी कुणालाही दारात अडवून ‘कहाँ जात हौ’ असं विचारायची. घरातल्या लग्नात पोरं दादीची नक्कल करून सगळ्यांना हसवायची. मैत्रिणीच्या अब्बांनी मात्र मुलांशी ‘साफ उर्दू’च बोलायचं असा नियम केला. मालेगावात उर्दू शाळांचं दाट जाळं आहे, मदरसे आहेत, रात्र-रात्र चालणारे मुशायरे आहेत, उर्दू पुस्तकं आणि वर्तमानपत्रं आहेत. मागावरच्या माणसाला त्या भाषेत इज्जत दिसली. पूरबी म्हणजे गरिबी, आणि ती तर मागे सोडून आलो होतो.

आमच्याकडे ‘साफ उर्दू’च्या जागी ‘शुद्ध मराठी’ होती. गावातल्या शाळेत एक गुरुजी होते. स्वतः घरी अहिराणी बोलायचे आणि वर्गात आम्ही ‘पानी’ म्हटलं की दहादा ‘पाणी’ लिहून घ्यायचे. त्याच वर्गातल्या मराठीच्या पुस्तकात बहिणाबाई चौधरींची कविता होती. त्यांची बोली अहिराणी नव्हे, पण आमच्या बोलीची शेजारीण नक्की. छापलेली असली की ती भाषा गोड ठरायची, आमच्या तोंडून आली की अशुद्ध. हे कोडं मला त्या वयातही सुटलं नव्हतं.

मी जन्मले तेव्हा आईने ठरवलं, की पोरीशी अहिराणी बोलायची नाही. आजी मला ‘जेवाले ये’ म्हणायची आणि आई ‘जेवायला ये’. एकाच चुलीसमोर दोन भाषा. आईला मी मोठेपणी कारण विचारलं, तेव्हा तिने भाषेबद्दल काहीच सांगितलं नाही. लग्नाआधी ती नाशिकला नोकरीच्या मुलाखतीला गेली होती, ती गोष्ट सांगितली. तिने तोंड उघडलं आणि समोरचे तिघे एकमेकांकडे बघून हसले. नोकरी गेली ती का, हे तिला कुणी सांगितलं नाही, पण तिने आपल्यापुरता निष्कर्ष काढला. तिला नावं ठेवायला माझं मन घेत नाही. बोली जपायला हवी, हे सांगणाऱ्यांपैकी बहुतेकांची नोकरी आधीच पक्की असते.

अशा निर्णयांची बेरीज सरकारी आकड्यांत दिसते. २००१च्या जनगणनेत देशभरात सुमारे २० लाख ७५ हजार लोकांची मातृभाषा खानदेशी म्हणून नोंदली गेली होती. २०११मध्ये तो आकडा सुमारे १८ लाख ६० हजारांवर आला. दहा वर्षांत खानदेशात माणसं वाढली, बोली सांगणारे दोन लाखांहून अधिक घटले. एवढी माणसं अहिराणी विसरली, असं मला वाटत नाही. त्यांनी ती सांगितली नाही किंवा त्यांच्या आयांनी ती दिली नाही. जनगणनेची मातृभाषेची व्याख्याच तशी आहे. लहानपणी आई तुमच्याशी जी भाषा बोलली, ती तुमची मातृभाषा. आईने चुलीसमोर बदललेलं एक क्रियापद थेट दिल्लीतल्या तक्त्यात जाऊन बसतं, याची आमच्या आईला कल्पना नव्हती.

मधल्या काळात कुणी काहीच केलं नाही, असं नाही. डॉ. रमेश सूर्यवंशींनी अहिराणीचा शब्दकोश केला. सटाण्याच्या डॉ. सुधीर देवऱ्यांनी ‘ढोल’ नावाचं अहिराणी नियतकालिक चालवलं. अशा कामाला जन्म जातो आणि वाचक थोडे मिळतात.

गर्दी जमली ती दुसरीकडेच. २०००च्या सुमारास मालेगावात व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेखने ‘मालेगाव के शोले’ काढला. पैसे नव्हते, कलाकार गावातलेच, बोलणंही गावचंच. नंतर त्याने सुपरमॅनही मालेगावात आणला. यंत्रमागावर काम करणारा शफीक शेख हा त्यातला किडकिडीत सुपरमॅन. फैजा अहमद खानने त्यावर २००८मध्ये माहितीपट केला, आणि रीमा कागतीचा ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ २०२४मध्ये टोरंटोच्या महोत्सवात दाखवला गेला. ज्या बोलण्याची बाहेर टिंगल व्हायची, तेच बोलणं बघायला लोक तिकीट काढू लागले. इकडे अहिराणीत सचिन कुमावतचं ‘बबल्या इकस केसावर फुगे’ आलं, मग विनोद कुमावतचं ‘हाई झुमका वाली पोर’. पुण्यातल्या गणपतीच्या मिरवणुकीत अहिराणी गाण्यावर नाचणारी पोरं बघून मला आधी आनंद झाला, मग थोडी शंका आली. बोली परत आली, पण लग्नाच्या वरातीत आणि विनोदी व्हिडिओत. गंभीर बोलायची वेळ आली, दवाखान्यात, बँकेत, प्रेमात, की पुन्हा प्रमाण मराठी किंवा हिंदी. दादीची नक्कल लग्नात व्हायची, त्यातलाच हा प्रकार मोठ्या पडद्यावर आणि लहान पडद्यावर चालू आहे. तरी मी ही गाणी हलकी मानत नाही. माझ्या भाचीला ‘आंडेर’ म्हणजे मुलगी हे आजीकडून कळलं नाही, एका गाण्याखालच्या कॉमेंटमधून कळलं.

ही भाची इंग्रजी माध्यमात आहे. तिची आई, म्हणजे माझी धाकटी बहीण, तिच्याशी घरात मुद्दाम इंग्रजी बोलते. इंग्रजी न आल्याने बहिणीला पहिल्या नोकरीत जे सोसावं लागलं, त्यातून तिनेही आपला निष्कर्ष काढला आहे. आमच्या आईला हे आवडत नाही. ‘पोरीला मराठी बोलता येत नाही, हे काय?’ असं ती तावातावाने विचारते. बहीण म्हणते, ‘तू आमच्याशी अहिराणी बोललीस का?’ या प्रश्नावर घरात अजून कुणी उत्तर दिलेलं नाही. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा आईने पेढे वाटले होते. २०२५मध्ये पहिलीपासून हिंदीचा वाद पेटला, तेव्हा ती टीव्हीसमोरून हलली नाही. मराठीबद्दलची तिची कळकळ खोटी नाही. पण मराठी मुलांच्या तोंडून जाईल याची जी भीती आज घरोघरी आहे, ती आमच्या आजीला चाळीस वर्षांपूर्वी वाटली असणार. तिच्या भीतीसाठी मोर्चा निघाला नाही. ती गप्प बसली आणि आईशी तेवढी अहिराणी बोलत राहिली.

नदीपलीकडच्या मैत्रिणीने मुलाला यंदा उर्दूतून काढून इंग्रजी शाळेत घातलं. ती आणि मी एकमेकींशी हिंदीत बोलतो, जी आमच्या दोघींच्याही घरची नाही. परवा मी तिला विचारलं, की दादीची पूरबी आता कोण बोलतं? ती म्हणाली, दादीची एक बहीण आहे, कानाने अधू, तिच्याशी जोरात बोलावं लागतं आणि जोरात बोलताना तोंडातून पूरबीच येते.

पुढची जनगणना २०२७मध्ये आहे आणि या वेळी माहिती स्वतः मोबाइलवर भरता येणार आहे. घरातला फॉर्म भरायचं काम माझ्याकडे येणार हे उघड आहे. आजी गेली, त्यामुळे तिचा रकाना आता नाही. आईचं सोपं आहे, तिची आई तिच्याशी अहिराणीच बोलली. व्याख्येप्रमाणे माझी मराठी, भाचीची बहुधा इंग्रजी. तीन बायका, तीन मातृभाषा, पत्ता एकच. मी हे आईला समजावून सांगितलं आणि विचारलं, की माझ्यापुढे काय लिहू?

ती भाजी निवडत होती. ‘तुले वाटस ते लिखी टाक,’ म्हणाली, आणि मेथीची दुसरी जुडी सोडायला घेतली.