लॉग इन: एका ओंडक्याची गोष्ट

दिवसातून दहा वेळा मी कुठे ना कुठे ‘लॉग इन’ करतो. त्यातला ‘लॉग’ म्हणजे चक्क लाकडाचा ओंडका, हे मात्र नोकरीची चार वर्षं झाल्यावर कळलं.

सोळाव्या शतकातल्या इंग्रज खलाशांपुढे पेच होता. किनारा दिसत नाही, मग जहाजाचा वेग मोजायचा कसा? ते दोरीला लाकडाचा तुकडा बांधून मागे पाण्यात टाकत. लाकूड जवळपास जागेवरच राही, जहाज पुढे जाई आणि दोरी सुटत जाई. १५७४ साली विल्यम बोर्नने आपल्या पुस्तकात ही रीत लिहून ठेवली. पुढे दोरीला गाठी आल्या. २८ सेकंदांचं वाळूचं घड्याळ असेल, तर दोन गाठींमध्ये सुमारे ४७ फूट ३ इंच अंतर. तेवढ्या वेळात पाच गाठी सरकल्या, तर वेग पाच ‘नॉट’. नॉट म्हणजे गाठच! हा आकडा ज्या वहीत चढायचा ती ‘लॉगबुक’, पुढे नुसतीच ‘लॉग’. म्हणून लॉग इन म्हणजे मुळात वहीत नोंद करून आत शिरणं.

हा शब्द संगणकावर आला तेव्हाही प्रश्न हिशेबाचाच होता. १९६१ साली एमआयटीत फर्नांडो कॉर्बाटो आणि सहकाऱ्यांनी ‘सीटीएसएस’ ही प्रणाली दाखवली. संगणक एक, वापरणारे अनेक. त्यामुळे प्रत्येकाला वेळ वाटून दिलेला. आत जायची आज्ञा ‘लॉगिन’, सोबत पासवर्ड. १९६२ मध्ये ॲलन शेर या संशोधकाला आठवड्याचे चार तास पुरेनात, तेव्हा त्याने सगळ्यांच्या पासवर्डची फाइलच छापून घेतली!

मागच्या वर्षी माझ्या कामाचं मूल्यमापन लॉग इनच्या तासांवरून झालं. एक किचकट बग मी तीन दिवस कागदावर सोडवत होतो. नोंदीत ते तीन दिवस जवळजवळ कोरे. रेटिंग घसरलं.

तेव्हा मला तो ओंडका आठवला. तो पाण्याच्या तुलनेतला वेग सांगतो. प्रवाह उलटा असेल, तर लॉगमध्ये पाच नॉट लिहिलेलं जहाज प्रत्यक्षात मागेही सरकत असू शकतं. जुन्या खलाशांना हे पक्कं ठाऊक होतं. म्हणून किनारा दिसला, की ते वहीतला अंदाज बाजूला ठेवून जहाजाची खरी जागा धरत.