रेणुका आणि क्लायटेम्नेस्ट्रा

मार्गशीर्षी पौर्णिमा आली की बेळगाव-निपाणीच्या टापूतून सौंदत्तीच्या डोंगराकडे जाणाऱ्या वाटा ‘उदो’च्या गजराने दुमदुमतात. डोक्यावर ‘जग’ घेतलेल्या जोगतिणी चौंडक्याच्या साथीने मराठीत गातात, कानडीतही गातात. ज्या यल्लम्मासाठी, म्हणजे रेणुकेसाठी, हे सारे चालते, तिच्यावर महाभारताच्या वनपर्वात मात्र उघड दोषारोप आहे.

स्नानास गेलेल्या रेणुकेने स्त्रियांसमवेत जलक्रीडा करणारा राजा चित्ररथ पाहिला आणि तिचे चित्त चळले. अपराध एवढाच. जमदग्नीने तिच्या वधाची आज्ञा केली. चार पुत्र निःशब्द राहिले व शापास पात्र झाले. पाचव्याने, परशुरामाने, परशू उचलला. पुढे वर मागताना त्याने मातेचे प्राण तर मागितलेच, पण त्या वधाचे विस्मरणही मागितले! पुराणकारांना ती गोष्ट किती बोचत असावी, हे या दुसऱ्या मागणीवरून दिसते.

ग्रीकांच्या क्लायटेम्नेस्ट्रेचा वधही पुत्राच्याच हातून झाला. होमरच्या ‘ओडिसी’त ती पतिघातकी म्हणून कुप्रसिद्ध आहे. परंतु ख्रिस्तपूर्व 458 मध्ये एस्किलसने तिला रंगभूमीवर आणून तिची बाजू तिच्याच तोंडून वदविली: तिच्या पतीने स्वारीसाठी पोटच्या मुलीचा बळी दिला होता. तरीही मातृघातकी ओरेस्टिस अथेन्सच्या न्यायसभेत सुटला. माता केवळ बीजाचे पोषण करते, खरा जनक पिताच, असा युक्तिवाद तेथे प्रत्यक्ष अपोलोने केला. मते समसमान पडली होती, हे विसरता येत नाही. आणि क्लायटेम्नेस्ट्रेने रक्त तरी सांडले होते. रेणुकेने नुसते पाहिले होते.

रेणुकेची बाजू मांडावयास नाटककार लाभला नाही. ते काम लोकांनी केले. लोककथेत तिच्या धडावर मातंगीचे शिर बसते आणि ऋषिपत्नी गावकुसाबाहेरच्यांचीही आई होते. रा. चिं. ढेरे यांनी ‘लज्जागौरी’ (1978) या ग्रंथात वारुळाशी निगडित अशा प्राचीन भूदेवीचे रूप तिच्यात उलगडून दाखविले. ऋषीच्या आश्रमात ती मागाहून आली असावी, हेच अधिक संभवनीय वाटते.

मात्र याच देवीच्या नावाने मुली ‘सोडल्या’ गेल्या, आणि देवीचा कलंक पुसणाऱ्या समाजाने तो त्यांच्या कपाळी लावला. मुंबई इलाख्यात 1934 मध्ये, कर्नाटकात 1982 मध्ये त्याविरुद्ध कायदे झाले.

मार्गशीर्षातील त्या ‘रांडाव पुनवे’ला जमदग्नीच्या मृत्यूसाठी जोगतिणी बांगड्या फोडतात. माघी पौर्णिमेला, ‘अहेव पुनवे’ला, हिरवा चुडा पुन्हा भरला जातो.