कारागिराचे हत्यार कोणाच्या मालकीचे?

सुतार कामाला निघतो तो स्वतःची पटाशी आणि रंधा घेऊन. गिरणीतला विणकर मात्र उभा असतो तो मालकाच्या मागाशी. संकेतस्थळे बांधणारा आजचा प्रोग्रामर या दोघांपैकी कोणाच्या जातीचा? संगणकाच्या आज्ञा तो ज्यात लिहितो, ते साधन म्हणजे एडिटर. कोणता वेगवान, कोणता देखणा, यावर तरुण मंडळी तासन्‌तास भांडतात, भांडोत बापडी! मला पुसायचे आहे ते मालकीचे.

१९७६ साली बर्कलेच्या विद्यापीठात बिल जॉय याने ‘व्हीआय’ रचला. टेलिफोनची जोडणी मंद, म्हणून त्यातल्या आज्ञा एकेका अक्षराच्या. त्याच वर्षी एमआयटीत रिचर्ड स्टॉलमन व गाय स्टील यांनी ‘ईमॅक्स’ उभा केला. पुढे १९८१ मध्ये जेम्स गॉस्लिंग याने युनिक्ससाठी निराळा ईमॅक्स लिहिला. प्रथम तो हातोहात फिरत होता. १९८३ साली मात्र गॉस्लिंगने तो युनिप्रेस कंपनीस विकला. १९८५ मध्ये स्टॉलमनने ‘ग्नू ईमॅक्स’ बाहेर काढला, त्यात गॉस्लिंगच्या लेखनाचा काही भाग होता. कंपनीने हरकत घेतली आणि तेवढा भाग नव्याने लिहावा लागला. खरेदीखतावर सही एकाची, खोळंबा इतरांचा! १९८९ साली स्टॉलमनने जीपीएल हा परवाना प्रसिद्ध केला: वापरा, बदला, वाटा, पण वाटताना पुढच्याचा तोच हक्क हिरावू नका. वेतनकरार वाचावा तसा मी तो कलमागणिक वाचला आहे. मसुदा पक्का आहे.

आता अलीकडचे. २०१४ साली गिटहब कंपनीने ‘ॲटम’ काढला. २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टने गिटहबच विकत घेतले. तिचा स्वतःचा ‘व्हीएस कोड’ २०१५ पासून होताच. एका घरात दोन चुली किती दिवस पेटणार? १५ डिसेंबर २०२२ रोजी ॲटम बंद झाला. परंतु त्याचे मूळ लेखन खुले होते, म्हणून वापरणाऱ्यांनीच ते पुढे नेऊन ‘पल्सर’ चालविला. व्हीएस कोडचेही मूळ लेखन खुले आहे. मात्र कंपनी जी तयार प्रत देते तिचा परवाना वेगळा, आणि आपण बंद न केल्यास ती वापराची माहिती कंपनीकडे पाठवीत राहते. त्याच लेखनातून स्वयंसेवकांनी ‘व्हीएसकोडियम’ ही बिनपाळतीची प्रत केली आहे.

व्हीआयच्या वळणाचा ‘व्हिम’ ब्रॅम मोलेनार याने १९९१ मध्ये लोकांच्या हाती दिला. मोबदला म्हणून मागितले काय? युगांडातील मुलांसाठी मदत. २०२३ च्या ऑगस्टमध्ये तो वारला. जानेवारी २०२४ मध्ये सहकाऱ्यांनी पुढची आवृत्ती काढली आणि ती त्याला अर्पण केली.