समकालन संकेत : पेटंटमधील स्वयंस्पष्टतेचा वाद

दूरचित्रवाणी संचाच्या किंवा संगणकाच्या पडद्यावर चित्राची प्रत्येक ओळ आणि प्रत्येक नवे चित्र नेमक्या क्षणी सुरू व्हावे, यासाठी चित्राबरोबर पाठवल्या जाणाऱ्या विद्युत्‌स्पंदांना समकालन संकेत किंवा ‘सिंक’ म्हणतात. आडवा संकेत ओळीचा आरंभ ठरवतो आणि उभा संकेत चित्राचा. या संकेतांवर उभारलेली एखादी सुधारणा खरोखर शोध आहे, की त्या क्षेत्रातील सामान्य जाणकाराला ती सहज सुचली असती, हा प्रश्न पेटंट कायद्यात स्वयंस्पष्टतेचा वाद म्हणून ओळखला जातो.

या क्षेत्रात तो विशेष अवघड ठरतो, कारण येथे नवी वस्तू क्वचितच येते; जुन्या तारेवरच्या जुन्या स्पंदाला बहुधा नवा अर्थ दिला जातो. आयबीएमच्या 1987 मधील व्हीजीए पद्धतीत दोन्ही संकेत ऋण ध्रुवतेचे असले, तर मॉनिटरने 480 ओळींचे चित्र समजावे आणि केवळ उभा संकेत धन असला, तर 400 ओळींचे, असा संकेतार्थ होता. व्हेसा या संस्थेच्या 1993 मधील वीजबचतीच्या मानकाने आणखी पुढे जाऊन संकेताच्या अभावालाच आज्ञा मानले : आडवा थांबला की मॉनिटरने सज्ज राहून वीज वाचवावी, उभा थांबला की अधिक वाचवावी आणि दोन्ही थांबले की जवळजवळ बंद व्हावे. अशी युक्ती एकदा कळली की ती कुणालाही सुचली असती असे वाटू लागते, आणि न्यायालयांना नेमकी या पश्चात्‌बुद्धीचीच धास्ती असते.

शोध स्वयंस्पष्ट नसावा, ही अट अमेरिकेत 1952 च्या पेटंट अधिनियमाच्या कलम 103 ने संहितेत आणली. ग्रॅहम विरुद्ध जॉन डिअर (1966) या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पूर्वज्ञान (म्हणजे आधीच ज्ञात असलेले तंत्र), त्याच्याशी असलेला फरक आणि सामान्य जाणकाराची पातळी हे तीन निकष घालून दिले. पुढे, जुने घटक एकत्र आणण्याची सूचना पूर्वज्ञानातच आढळली पाहिजे, असा आग्रह अपील न्यायालयाने धरला. मोटारीच्या पेडलविषयीच्या केएसआर विरुद्ध टेलिफ्लेक्स (2007) या निकालाने तो काटेकोर आग्रह सैल केला आणि जाणकार हा केवळ यंत्रवत काम करणारा नसून त्याच्याकडेही सर्वसाधारण कल्पकता असते, असे मानले. भारतात 1970 च्या अधिनियमातील ‘शोधक पायरी’ची व्याख्या 2005 च्या दुरुस्तीनंतर तांत्रिक प्रगती किंवा आर्थिक महत्त्व यांबरोबर स्वयंस्पष्ट नसण्याचीही अट घालते.

समकालन संकेतांवरील अशा वादात प्रतिवादी सहसा ध्रुवता ओळखणारे एक मंडल आणि वीज तोडणारे दुसरे दाखवणारी दोन जुनी कागदपत्रे शेजारी ठेवतो. पेटंटधारकाचे सबळ उत्तर असे असते, की संकेत नाहीसा होणे हा त्या काळी बिघाड समजला जाई, त्यामुळे जाणकार त्या वाटेला गेलाच नसता. शोध स्वयंस्पष्ट नव्हता हे दाखवण्यासाठी दिला जाणारा व्यापारी यशाचा पुरावा मात्र येथे लंगडा पडतो, कारण मानकात समाविष्ट झालेले तंत्र इतर उपकरणांशी जुळते म्हणूनही खपते.